नोटेवरचं गाव आणि पैशाचा उतार

भाचा जर्सी सिटीहून सुट्टीला आला होता. त्याच्या पाकिटात एक डॉलरच्या पाच नोटा होत्या. त्या मी मागून घेतल्या आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या. जॉर्ज वॉशिंग्टनच्या चित्राच्या डाव्या बाजूला एक काळा गोल शिक्का असतो आणि त्यात एक ठसठशीत अक्षर. तीन नोटांवर ‘बी’ होतं, एकीवर ‘सी’, एकीवर ‘एल’. भाचा इतकी वर्षं तिकडे राहतोय, पण हे अक्षर त्याने कधी न्याहाळलं नव्हतं. आपण तरी आपल्या नोटा कुठे न्याहाळतो!

अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, बारा विभागीय बँकांची मिळून बनलेली आहे. ‘ए’ म्हणजे बोस्टन, ‘बी’ न्यूयॉर्क, ‘सी’ फिलाडेल्फिया, असं करत करत ‘एल’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. नोट कुठल्या विभागीय बँकेमार्फत चलनात आली ते हे अक्षर सांगतं. पाच डॉलर आणि त्यावरच्या नव्या नोटांवर आता सगळ्यांचा एकच सामाईक शिक्का असतो. एक आणि दोन डॉलरच्या नोटांनी मात्र जुनं रूप सोडलेलं नाही, त्यामुळे त्यांच्यावर अजून जन्मगाव दिसतं.

पाच नोटांवरून कुणी सिद्धांत मांडत नाही. पण या पाचांत विषयाच्या दोन्ही किल्ल्या आहेत. जर्सी सिटी न्यूयॉर्क बँकेच्याच हद्दीत येते, म्हणून ‘बी’ तीनदा. फिलाडेल्फिया शेजारी, म्हणून ‘सी’. आणि ‘एल’? सॅन फ्रान्सिस्को तिथून चार हजार किलोमीटरहून लांब. पण त्या बँकेच्या अखत्यारीत कॅलिफोर्नियासकट पश्चिमेची नऊ राज्यं आहेत, म्हणजे देशाची साधारण पंचमांश वस्ती. जवळच्याचं जास्त येतं, आणि लांबचा पुरेसा मोठा असला तर त्याचंही येतं. शहरांमधला पैसा कसा फिरतो याचं गणित मांडणारे भूगोलवाले गेली ऐंशी-नव्वद वर्षं याच दोन वाक्यांना धार लावत बसले आहेत.

नोटेला गाव असणं आपल्याकडेही होतं. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानाची वाटणी चलनाच्या मंडळांत झाली. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही मुख्य मंडळं, पुढे आणखी वाढली. मुंबईची नोट मुंबई मंडळातच कायदेशीर चलन. कलकत्त्यात ती कुणी घेतली तर घेणाऱ्याची मर्जी. हे कुंपण हळूहळू उठलं: १९०३ मध्ये पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश सोडून सगळीकडे चालू झाली, १९१० मध्ये दहा आणि पन्नासची, १९११ मध्ये शंभराची. अमेरिकेतही एका विभागीय बँकेकडे दुसरीची नोट आली तर ती पुन्हा वाटायला १९५४ पर्यंत मनाई होती. वाटली तर दर्शनी किमतीच्या दहा टक्के दंड. नोटेला आधी माहेरी धाडायचं आणि मग पुढचं बोलायचं.

१९७० च्या दशकात फेडरल रिझर्व्हकडे एक तक्ता तयार झाला. एक डॉलरच्या कुठल्या विभागातल्या किती नोटा कुठल्या विभागात जाऊन पोचल्या, एवढीच त्यात माहिती. बारा ओळी, बारा रकाने, १४४ आकडे. बँकेला चिंता होती ती मळक्या-फाटक्या नोटा वेळेवर बदलण्याची. तो तक्ता वॉल्डो टोबलर नावाच्या भूगोलतज्ज्ञाच्या हाती लागला आणि त्याने त्याचा नकाशा काढायला घेतला. हा तोच टोबलर, ज्याचं एक वाक्य ‘भूगोलाचा पहिला नियम’ म्हणून शिकवतात: सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण जवळच्याचा लांबच्यापेक्षा जास्त. १९७० मध्ये डेट्रॉइट शहराच्या वाढीचं चलतचित्र संगणकावर बनवताना त्याने हे जाता जाता लिहून टाकलं होतं. त्याच्या नकाशाकडे आपण येणारच आहोत. पण आधी साधं गणित.

न्यूटनची उसनवारी

दोन शहरांमध्ये किती पैसा ये-जा करेल याचा अंदाज बांधायची सर्वांत जुनी युक्ती म्हणजे न्यूटनचं गुरुत्वाकर्षणाचं सूत्र उचलायचं आणि ग्रहांच्या जागी शहरं बसवायची. दोन्ही शहरांच्या लोकसंख्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला अंतराच्या घाताने भागायचं. टेक्सासात विल्यम रायली याने १९३१ मध्ये किरकोळ बाजारासाठी हे वापरलं: मधल्या गावातला माणूस कपडालत्ता घ्यायला दोहोंपैकी कुठल्या शहरात जाईल? प्रिन्स्टनचा खगोलशास्त्रज्ञ जॉन स्ट्युअर्ट याच्या लक्षात आलं, की त्याच्या विद्यापीठात येणारी मुलं कुठून येतात तेही याच हिशेबात बसतं. १९४६ मध्ये जॉर्ज झिप्फ या भाषातज्ज्ञाने शहराशहरांमधल्या रेल्वे, बस आणि विमानप्रवाशांवर ते लावून पाहिलं. आणि १९६२ मध्ये यान टिनबर्गेनने देशादेशांच्या व्यापाराला लावलं. अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल १९६९ मध्ये ज्या दोघांत वाटलं गेलं, त्यांतला हा एक. मूळचा पदार्थविज्ञानवाला. उसनवारी कुठून आली ते कळतंच.

आपल्या गावांवर करून बघू. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिका हद्दीत ३१.२ लाख माणसं होती, नागपुरात २४.१ लाख. मुंबईहून पुणे धरा १५० किलोमीटर, नागपूर जुन्या रस्त्याने ८००. मुंबईची लोकसंख्या दोन्हीकडे तीच, म्हणून ती बाजूला ठेवू. नुसत्या अंतराने भागलं तर मुंबई–पुणे व्यवहार मुंबई–नागपूरच्या सातपट येतो. अंतराच्या वर्गाने भागलं तर सदतीसपट! झिप्फने नुसतं अंतर घेतलं होतं, रायलीने वर्ग. म्हणजे सूत्र दिसायला सुबक, पण सगळा जीव त्या घातांकात, अंतराच्या डोक्यावर बसणाऱ्या त्या छोट्या आकड्यात. न्यूटनला ‘दोन’ हा आकडा निसर्गाने दिला. इथे तो प्रत्येक वेळी खऱ्या आकडेवारीवरून शोधून काढावा लागतो, आणि तो वस्तूगणिक बदलतो. भाजीचा घातांक मोठा असणार, सोन्याचा लहान. देशांमधल्या व्यापाराबद्दलच्या शंभरावर अभ्यासांतले १,४६७ अंदाज एकत्र करून २००८ मध्ये सरासरी काढली गेली, ती आली ०.९. अंतर दुप्पट झालं की व्यापार जवळजवळ अर्धा होतो, असा त्याचा अर्थ.

शिवाय अंतर म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. नागपूर जागचं हललं नाही, पण तासांच्या मापाने मुंबईच्या बरंच जवळ सरकलं. म्हणून हे गणित करणारे हल्ली नकाशावरची पट्टी ठेवून देतात आणि वेळ किंवा खर्च मोजतात.

इथे कुणीही विचारेल, आणि विचारावंच: ट्रकला डिझेल लागतं, माणसाला तिकीट लागतं, पण पैशाला काय लागतं? पुण्याला पाठवा की पोर्ट ब्लेअरला, यूपीआयला तेवढाच वेळ लागतो. मग पैशाच्या गणितात अंतर हवंच कशाला?

हा प्रश्न रिचर्ड पोर्ट्स आणि एलेन रे यांनी शेअरच्या व्यवहारांवर तपासून पाहिला. १४ देश, १९८९ ते १९९६ मधली आकडेवारी. शेअरला वजन नसतं, वाहतूकखर्च नसतो. तरीही अंतर वाढेल तसे व्यवहार घटताना दिसले. त्यांचा निष्कर्ष असा, की अंतर इथे किलोमीटर मोजत नाही, माहिती मोजतं. जवळच्या कंपनीबद्दल, जवळच्या बाजाराबद्दल माणसाला जास्त ठाऊक असतं, आणि ठाऊक असेल तिथे तो पैसा घालतो.

मराठीत याला अर्थशास्त्रज्ञांची गरज नव्हती. आपल्याकडे ‘पत’ हा शब्द आहे. पेशवाईत उत्तरेतला पैसा पुण्यात यायचा तो पुष्कळदा सावकारांच्या हुंडीवरून. नाणी बैलांवर लादून आणायची जोखीम नको, म्हणून काशीच्या पेढीवर पैसे भरायचे आणि पुण्याच्या पेढीवर उचलायचे. त्या सोयीची किंमत म्हणजे हुंडणावळ. रस्ता धोक्याचा झाला, मागणी वाढली किंवा समोरच्या पेढीची पत डळमळली की हुंडणावळ बदलायची. आजच्या सूत्रात ज्याला अंतराचा खर्च म्हणतात, त्याचा रोजचा भाव आपल्या पेढ्यांवर निघत होता. मला तर वाटतं, की घातांकावर खल करणाऱ्याने एखादी जुनी वही उघडून बघावी. मोडी येत असेल तर.

वाटेत कोण आहे?

गुरुत्वाच्या सूत्रात एक ढोबळ चूक आहे: ते वाटेकडे बघत नाही. रत्नागिरीहून मुंबई साधारण ३३० किलोमीटर. कोल्हापूरहून साधारण ३८०. सूत्राच्या दृष्टीने फारसा फरक नाही. पण कोल्हापूरहून मुंबईला निघालेल्या माणसाच्या वाटेत आज पुणं उभं आहे. नोकरी तिथेच मिळाली तर तो घाट उतरेल कशाला? रत्नागिरीकराच्या वाटेत मात्र पनवेल येईपर्यंत मोठं शहर नाही.

सॅम्युएल स्टाउफर या समाजशास्त्रज्ञाने १९४० मध्ये हाच मुद्दा मांडला होता. माणूस किती लांब जाईल ते अंतरावर ठरत नाही, वाटेत किती संधी आडव्या येतात त्यावर ठरतं. २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये फिलिपो सिमिनी आणि सहकाऱ्यांनी त्याला नवं गणिती रूप दिलं. त्याचं नाव विकिरणाचं प्रारूप. त्यात घातांक शोधायची कटकट नाही. निघायचं गाव, पोचायचं गाव, आणि निघायच्या गावाभोवती पोचायच्या गावापर्यंत वर्तुळ काढलं तर आत किती वस्ती येते, एवढं कळलं की झालं. आता रत्नागिरीभोवती मुंबईपर्यंतचं वर्तुळ काढून बघा. अर्धं वर्तुळ अरबी समुद्रात जातं. समुद्रात कोण नोकरी देणार? कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत का गेली, याची इतरही कारणं आहेत. बोटीची सोय होती, जमिनी तुटपुंज्या होत्या, पावसाळ्यानंतर हाताला काम नव्हतं. पण हे अर्धं वर्तुळ नकाशावर पाहिलं की बरंच कळतं.

आणि माणसं ज्या दिशेने जातात, पैसा त्याच्या उलट दिशेने येतो. जिल्हा मनीऑर्डरवर जगतो, असं रत्नागिरीबद्दल उगाच म्हणत नसत.

बेरजा माहीत, आतले आकडे कोरे

आता खरी अडचण. फेडरल रिझर्व्हसारखा १४४ आकड्यांचा भरलेला तक्ता मिळणं म्हणजे लॉटरी. बहुतेक वेळा हाताशी असतात त्या फक्त कडेच्या बेरजा: या शहरातून एकूण इतका पैसा गेला, त्या शहरात एकूण इतका आला. कुठून कुठे गेला ते कोरं.

तीन शहरांवर करून बघू. आकडे माझ्या मनचे, गणित समजण्यापुरते. समजा मुंबईकरांनी १०० कोटी खर्चले, पुणेकरांनी ६०, नागपूरकरांनी ४०. एकूण २००. आणि दुकानांच्या गल्ल्यात जमा झाले ते मुंबईत ८०, पुण्यात ७०, नागपुरात ५०. तेही २००. मुंबईकरांचे किती पुण्यात खर्च झाले?

उत्तर एक नाही. या बेरजांत बसणारे असंख्य तक्ते बनवता येतील. मग कुठला धरायचा? १९६७ मध्ये ॲलन विल्सन या ब्रिटिश संशोधकाने दिलेलं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं, आणि ते कवड्यांवर समजतं. सहा कवड्या फेका. सहाही उताण्या पडायची रीत एकच. तीन उताण्या, तीन पालथ्या पडायच्या रीती वीस. कुणी तुम्हाला पट दाखवलाच नाही आणि अंदाज विचारला, तर तुम्ही ‘तीन-तीन’ म्हणाल. काही जादू म्हणून नाही, तिथे पोचायच्या वाटा जास्त आहेत म्हणून. विल्सन म्हणाला, तक्त्याचंही तसंच करा. लाखो माणसं आपापल्या मर्जीने खर्च करतायत. बेरजा सांभाळून जो तक्ता सर्वांत जास्त रीतींनी घडू शकतो, तो धरा.

अंतर विचारात घेतलं नाही, तर हा तक्ता मांडणं सोपं आहे. ज्याचं त्याच्या प्रमाणात. गल्ल्यातल्या २०० पैकी पुण्याचे ७०, म्हणून मुंबईच्या १०० पैकी ३५ पुण्यात. याच रीतीने मुंबईकरांचे ४० मुंबईत, ३५ पुण्यात, २५ नागपुरात. पुणेकरांचे २४ मुंबईत, २१ पुण्यात, १५ नागपुरात. नागपूरकरांचे १६, १४ आणि १०. उभ्या-आडव्या बेरजा करून पाहा, जुळतात.

पण यात नागपूरकर आपल्या ४० पैकी ३० बाहेर उधळतोय आणि घरी फक्त १० खर्चतोय. हे कुणाला पटेल? इथे अंतर आत आणायचं. आधी तक्त्याच्या चौकटीत अंतराप्रमाणे कच्चे आकडे भरायचे, जवळच्यांना मोठे आणि लांबच्यांना लहान. बेरजा अर्थातच चुकतात. मग प्रत्येक आडवी ओळ त्या त्या बेरजेला जुळेल अशी गुणून घ्यायची. त्याने उभे रकाने बिघडतात. ते गुणून घ्यायचे. त्याने पुन्हा ओळी थोड्या बिघडतात, पण आधीपेक्षा कमी. असं वर-खाली करत गेलं की चार-सहा फेऱ्यांत तक्ता स्थिरावतो. बाजेची नवार ताणताना एक बाजू आवळली की दुसरी सैल पडते, पुन्हा ती आवळायची, तसंच. क्राउथॉफ या डच अभियंत्याने १९३७ मध्ये टेलिफोन केंद्रांमधल्या संभाषणांसाठी हीच युक्ती वापरली, १९४० मध्ये डेमिंग आणि स्टीफन यांनी अमेरिकेच्या जनगणनेसाठी. आज संगणक बारा काय, बारा हजार शहरांचा तक्ता बघता बघता जुळवतो.

पैशाचा उतार

तक्ता भरला, की आणखी एक वजाबाकी. वरच्या उदाहरणात मुंबईहून पुण्याला ३५ गेले, पुण्याहून मुंबईला २४ आले. ये-जा ५९ ची, पण निव्वळ ओघ ११ चा, पुण्याकडे. मुंबईहून नागपूरकडे निव्वळ ९, पुण्याहून नागपूरकडे १. एवढी मोठी ये-जा आणि त्यातून उरलेला केवढासा ओघ! पैशाच्या प्रवाहाबद्दलचे निम्मे वाद दोन माणसं या दोन वेगळ्या आकड्यांबद्दल बोलत असतात म्हणून होतात.

टोबलरला रस होता तो या निव्वळ ओघात. त्याने कल्पना केली, की देश म्हणजे एक अदृश्य डोंगराळ प्रदेश आहे आणि पैसा त्यावरून पाण्यासारखा उतारावर वाहतोय. जिथून निव्वळ पैसा बाहेर जातो तिथे उंचवटा, जिथे येतो तिथे खोलगट. ओघ आपल्याला माहीत आहे. त्यावरून जमिनीचा आकार उलटा शोधून काढायचा. म्हणजे ओढे पाहून डोंगर ओळखायचा.

हे गणित आलेख-कागदावर शाळकरी पोरालाही जमेल. नकाशावर चौकटी आखा. प्रत्येक चौकटीत उंचीचा कुठलाही आकडा भरून सुरुवात करा. मग एकेक चौकट घेत जा: तिच्या चार शेजाऱ्यांच्या उंचीची सरासरी काढा, तिथून पैसा बाहेर जात असेल तर त्या प्रमाणात थोडं वाढवा, तिथे येत असेल तर थोडं कमी करा, आणि नवा आकडा लिहा. सगळा कागद संपला की पुन्हा पहिल्यापासून. आकडे बदलायचे थांबतील तेव्हा तुमचा डोंगर तयार. त्यावर उताराच्या दिशेने बाण काढायचे, उतार जास्त तिथे लांब. उष्णता धातूच्या पत्र्यात कशी पसरते ते काढणारे लोक हेच समीकरण वापरतात.

१९८१ मध्ये टोबलरने हे तंत्र अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पैशावर लावलं. वॉशिंग्टन प्रत्येक राज्यातून कर गोळा करतं आणि प्रत्येक राज्यात खर्च करतं. राज्यागणिक एवढे दोनच आकडे, म्हणजे पुन्हा कडेच्या बेरजा. ओहायोच्या करदात्याचा डॉलर नेमका न्यू मेक्सिकोत गेला असं दाखवणारी पावती कुठेच नसते. तरी बाण काढले की चित्र उमटतं. त्या काळी अमेरिकेत यावरून चांगलंच पेटलं होतं. उत्तरेतल्या जुन्या औद्योगिक राज्यांचं म्हणणं होतं, की आम्ही भरतो आणि दक्षिण-पश्चिमेकडे वाहून जातं. न्यूयॉर्कचे सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन पुढे वर्षानुवर्षं राज्यागणिक असा हिशेब प्रसिद्ध करत राहिले.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. देशात जमा होणाऱ्या प्रत्यक्ष करातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग महाराष्ट्रात भरला जातो. २०२१ ते २०२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना वाटायच्या केंद्रीय करात महाराष्ट्राचा हिस्सा ठरवला तो ६.३१७ टक्के. उत्तर प्रदेशाचा १७.९३९, बिहारचा १०.०५८. गंमत म्हणजे वाटपाच्या त्या सूत्रातही ‘अंतर’ होतं, आणि त्याला थेट ४५ टक्के वजन. पण ते किलोमीटरचं अंतर नाही. राज्याचं दरडोई उत्पन्न श्रीमंत राज्यापासून किती मागे आहे, ते अंतर. गुरुत्वाच्या सूत्रात अंतर वाढलं की पैसा आटतो, वित्त आयोगाच्या सूत्रात अंतर वाढलं की पैसा वाढतो. बाजार एका उताराने वाहतो, सरकार दुसरा उतार मुद्दाम खणतं.

पण या आकड्यांवरून थेट बाण काढायला बसाल तर फसाल. कारखाना झारखंडात, मजूर बिहारचा, माल खपतो तमिळनाडूत, आणि कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय मुंबईत फोर्टच्या एखाद्या मजल्यावर. प्राप्तिकर भरला जातो मुंबईत, आणि नकाशावर मुंबईचा उंचवटा असतो त्याहून उंच दिसतो. पैशाच्या भूगोलातली सर्वांत मोठी फसवणूक हीच: पैसा जिथे मोजला जातो तिथे तो निर्माण झाला असेलच असं नाही. टोबलरचे बाणही असेच जपून वाचायचे. ते शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाताना दिसतात, पण खरा पैसा काही राज्याराज्यांतून पायी जात नाही. चित्र दिशेसाठी, रस्त्यासाठी नाही.

वस्तू आणि सेवा कराने मात्र भारतात एक नवी खिडकी उघडली. हा कर माल जिथे पोचतो तिथला, त्यामुळे कुठून निघाला आणि कुठे पोचला हे दोन्ही नोंदावं लागतं. तो लागू होण्याच्या थोडं आधीच, २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत, राज्याराज्यांमधल्या विक्रीच्या करनोंदींवरून अंतर्गत व्यापाराचा तक्ता मांडला गेला आणि त्यावर हेच गुरुत्वाचं प्रारूप चालवलं गेलं. राज्यांमधला व्यापार देशाच्या सकल उत्पन्नाच्या ५४ टक्क्यांच्या घरात निघाला. आणि एक निष्कर्ष मला आवडला: मालाच्या वाटेत भाषेची भिंत काही दिसली नाही. माल एका दिशेने गेला, की पैसा दुसऱ्या दिशेने आलाच.

जॉर्ज कुठे आहे?

नोटांकडे परत. १९९८ च्या डिसेंबरात हँक एस्किन या अमेरिकन प्रोग्रामरने एक संकेतस्थळ सुरू केलं. नाव अर्थातच वॉशिंग्टनवरून: ‘व्हेअर्स जॉर्ज?’. नोटेचा क्रमांक आणि आपला पिनकोड तिथे टाकायचा, नोटेवर शिक्का मारायचा आणि ती खर्चून टाकायची. पुढे कुणाला ती मिळाली आणि त्याने नोंद केली, तर ती कुठे पोचली ते कळतं. निव्वळ रिकामटेकडा उद्योग, असं आपल्याकडे कुणीही म्हणालं असतं. २००६ मध्ये डिर्क ब्रॉकमान आणि दोघा सहकाऱ्यांनी त्यातल्या ४,६४,६७० नोटांच्या नोंदी घेऊन ‘नेचर’मध्ये निबंध छापला.

त्यांना खरं तर रोगाच्या साथी कशा पसरतात ते शोधायचं होतं. माणसांच्या प्रवासाची नोंद मिळत नव्हती, नोटेची मिळत होती, आणि नोट माणसाच्या खिशातूनच जाते. दिसलं असं, की बहुतेक उड्या छोट्या, पण मधूनच एखादी प्रचंड. आणि लांब उड्यांचं प्रमाण साध्या सरासरीच्या हिशेबाने वाटतं त्याहून बरंच जास्त. शाईचा थेंब पाण्यात पसरतो तशी नोट पसरत नाही. पण एकदा कुठे पोचली की ती तिथे खूप काळ रेंगाळते. भाच्याची ‘एल’ बहुधा अशाच एका उडीने आली, कुणाच्या तरी विमानाच्या तिकिटाबरोबर.

पुढे २०१० मध्ये याच गटाने उलटा प्रश्न विचारला. ज्या भागांत नोटा आपसांतच जास्त फिरतात तो एक प्रदेश मानला, तर देशाच्या सीमा कुठे पडतील? काही सीमा राज्यांच्या सीमांवरच पडल्या. काही पडल्या नाहीत, आणि एक तर ॲपलाचियन डोंगराच्या रांगेला धरून गेली. डोंगर पोखरून महामार्ग काढले, विमानं उडवली, तरी डॉलरच्या नोटेला डोंगर जाणवत होता.

आपल्याकडे आता पैसा कागद सोडून मोबाइलमध्ये शिरलाय, तेव्हा तक्ता भरणं सोपं झालं असेल असं वाटतं. एका मोठ्या यूपीआय कंपनीने तर २०२१ पासून जिल्हावार व्यवहारांचे आकडे सगळ्यांसाठी खुले केले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात तिमाहीत किती व्यवहार झाले, किती रुपयांचे झाले, ते घरबसल्या दिसतं. पण नीट पाहा: ही पुन्हा कडेची बेरीजच. तो पैसा लालबागच्या मुलाने पाठवला, दुबईतल्या जावयाने की शेजारच्या आळीतल्या दुकानदाराने, ते त्यात नाही. खाजगीपणाच्या दृष्टीने ते नसावं हेही बरोबरच. मग बसा गुरुत्वाचं सूत्र घेऊन, ओळी-रकाने आवळत.

माझ्या आजीच्या ट्रंकेत मनीऑर्डरची काही कूपनं होती. फॉर्मच्या खालचा फाडून दिलेला तुकडा, वर पाठवणाऱ्याचं नाव आणि परळचा पत्ता, पुढे रक्कम, मागे दोन ओळींची जागा. एकावर शाईने लिहिलं होतं: ‘रु. ३०. पंधरा घरपट्टीचे, बाकी तुला. मिरगाच्या आत कौलं परतून घेणे.’